प्रकल्प नोंदी: ताईच्या घरातले मधूनच पडणारे लाइटचे खटके

६ जून

तक्रार एवढीच की घरातले दिवे मधूनच जातात आणि प्लग मात्र चालू राहतात. खटका वर केला की दिवे येतात, कधी लगेच पुन्हा जातात, मग बरेच दिवस काहीच होत नाही. आधी कुणीतरी येऊन एक एमसीबी (एकेका लाइनीचा छोटा खटका) बदलून गेलं होतं. फरक पडला नाही.

डीबीचं (सगळे खटके असलेल्या पेटीचं) झाकण काढून रचना उतरवून घेतली. मेन स्विचनंतर दोन आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारे खटके) आहेत, दोन्ही ३० मिलिअँपिअरचे. एक प्लगच्या आणि जड उपकरणांच्या लाइनींसाठी, दुसरा फक्त दिव्यांसाठी. दिव्यांच्या आरसीसीबीखाली ६ अँपिअरचे, बी कर्व्हचे (मोठ्या करंटच्या धक्क्याला लवकर पडणारे) तीन एमसीबी: हॉल, खोल्या, आणि जिना-गच्ची-बाहेरचे दिवे. तिन्ही सिंगल पोल आहेत, म्हणजे फेज (वीज आणणारी तार) तेवढा तोडतात. तिन्ही लाइनींचे न्यूट्रल (परतीच्या तारा) एकाच पट्टीवर कायम जोडलेले. याच्याखाली वहीत दोन रेघा मारल्या. पुढे उपयोगी पडेल असं वाटतंय.

पडतो तो खटका कोणता, हे तिघांना विचारलं. ताई म्हणाली, "दोन्ही खाली असतात बहुतेक." भाऊजी म्हणाले डावीकडचा, भाचा म्हणाला उजवीकडचा. तिघंही बहुधा खरंच बोलतायत. पण डावा आरसीसीबी आहे आणि उजवे एमसीबी, आणि या दोघांचं काम पूर्ण वेगळं. एमसीबी फक्त करंट किती आहे ते बघतो. थोडा जास्त करंट बराच वेळ वाहिला की आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते, आणि एकदम मोठा करंट आला तर कॉइल क्षणात खटका पाडते. आरसीसीबीला करंट किती आहे याच्याशी देणंघेणं नाही. फेजमधून गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो मोजतो. फरक पडला म्हणजे काही करंट तिसऱ्याच वाटेने, बहुतेक वेळा अर्थिंगमधून, जातोय. कोणता खटका पडतोय हे कळल्याशिवाय पाना-पक्कड हातात घेण्यात अर्थ नाही.

भाऊजींचा तोडगा तयार होता. "अरे, सहाचे काढ आणि सोळाचे टाक, विषय संपला." मी नाही म्हटलं. १६ अँपिअरचा एमसीबी २३ अँपिअरलाही तासभर तग धरू शकतो, मानकात त्याला तेवढी मुभाच आहे. दिव्यांच्या लाइनीतली बटणं आणि होल्डर त्यासाठी बनवलेले नसतात. खटका पडायचा थांबेल आणि तापायचं काम भिंतीच्या आत सुरू होईल. शिवाय पडणारा आरसीसीबी असेल तर एमसीबी कितीचाही लावा, त्याला काही फरक पडणार नाही.

डीबीच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. ताईला सांगितलं, खटका पडला की हात लावण्याआधी बघायचं आणि लिहायचं: कोणता पडला, किती वाजता, त्या क्षणी कुणी कोणतं बटण दाबलं, आणि घरात आणखी काय काय चालू होतं. हे चौथं ती टाळेल असं वाटलं म्हणून दोनदा सांगितलं.

७ जून

सकाळच्या उजेडात सरळ तपासण्या करून घेतल्या. मेन बंद करून, दोन टोकांच्या टेस्टरने वीज नसल्याची खात्री केली. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासला, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. खिशातल्या निऑनच्या टेस्टरवर या कामात भरवसा ठेवत नाही. तो पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं होत नाही.

डीबीतले स्क्रू घट्ट आहेत. न्यूट्रलच्या पट्टीवर एक जरा ढिला होता, तो आवळला. काळं पडलेलं किंवा वितळलेलं कुठे काही नाही.

मग लाइन चालू करून सगळे दिवे लावले आणि क्लॅम्प मीटरने (तारेभोवती धरून करंट मोजणाऱ्या) मोजलं. हॉल ०.९ अँपिअर, खोल्या ०.७, जिना आणि बाहेरचे मिळून ०.३. ओव्हरलोडचा प्रश्न इथेच निकालात निघाला. सहाच्या एमसीबीवर एकसुद्धा भरत नाही.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र गळतीच्या क्लॅम्पमध्ये धरले: २.९ मिलिअँपिअर. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये (दिव्याला हवी तशी वीज करून देणाऱ्या सर्किटमध्ये) विजेतला गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांच्यातून थोडा करंट अर्थला जातच असतो. एक २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर साधारण ०.१६ मिलिअँपिअर सोडतो. त्यात तारांची स्वतःची थोडी भर. ३० च्या आरसीसीबीवर कायमची गळती ९ च्या आत असावी असा नियम आहे, त्यात हे आरामात बसतं.

आरसीसीबीची रॅम्प टेस्ट घेतली. करंट हळूहळू वाढवत नेला तर २३ मिलिअँपिअरला पडतो. १५ ते ३० मध्ये कुठेही पडला तरी तो चांगलाच असतो. म्हणजे आरसीसीबी उतावळा नाही. पडत असेल तर कारण खरं आहे.

१५ जून

ताईचा कागद भरलाय. माझ्या चार रकान्यांत तिने स्वतःची शेऱ्यांची पाचवी भर घातलीय. निवडक ओळी उतरवतो:

९ जून, सकाळी ७:१०. डावा (आरसीसीबी). कुणी काही दाबलं नाही. गीझर चालू, वॉशिंग मशीन गरम पाण्यावर. शेरा: दिवे सगळे बंद होते. बंद दिव्यांचा खटका पडतो कसा?

११ जून, रात्री ८. उजवीकडचा, हॉल. हॉलचं मोठं बटण दाबलं तेव्हाच. बाकी टीव्ही फक्त.

१२ जून, रात्री ९:३०. आधी डावा. गीझर आणि इस्त्री. तो वर केला तर लगेच हॉलचा पडला. शेरा: दोन्ही एकदम पडले असं मी म्हणत होते ते हे.

१४ जून, सकाळी ७. पुन्हा डावा. गीझर आणि वॉशिंग मशीन.

या कागदासमोर बराच वेळ बसलो. घरातले सगळे ज्याला एकच दुखणं समजत होते ती दोन दुखणी आहेत, आणि १२ जूनच्या ओळीत ती एकमेकांत अडकलेली दिसतात. डावा पडला तेव्हा हॉलची बटणं चालूच होती. तो वर केल्याबरोबर हॉलचे सगळे दिवे एका क्षणी जिवंत झाले आणि हॉलचा एमसीबी गेला. हॉलचं मोठं बटण दाबल्यावर जे होतं तेच.

पहिल्या ओळीतला ताईचा प्रश्न मात्र सगळ्यात मोलाचा. दिवे बंद असताना पडतो, आणि दर वेळी दोन जड उपकरणं चालू. तीही दुसऱ्या आरसीसीबीवरची.

१६ जून

आधी हॉल, कारण तो सोपा.

मोठ्या बटणावर २२ डाउनलाइट आहेत, प्रत्येकाचा आपापला ड्रायव्हर. चालू असताना सगळे मिळून एक अँपिअरसुद्धा घेत नाहीत, पण चालू होण्याचा क्षण वेगळा असतो. ड्रायव्हरच्या तोंडाशी एक कपॅसिटर असतो. तो रिकामा असताना वीज आली की भरून होईपर्यंत तो जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. धक्का सेकंदाच्या काही हजाराव्या भागातही संपतो, पण तेवढ्यात करंट चालू स्थितीच्या कैकपट असतो. बी कर्व्हचा एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला तत्काळ पडतो. सहाच्या बाबतीत तो आकडा १८ ते ३० अँपिअर. एवढ्या निमिषभराच्या धक्क्याला तो थोडा जास्त सहन करतो, पण बावीस कपॅसिटर एकदम भरायला लागले की तीही सवलत संपते.

मग दर वेळी का पडत नाही? कारण बटण दाबलं जातं तो क्षण कुणाच्याच हातात नसतो. २३० व्होल्टची लाट शून्यावरून ३२५ च्या शिखरावर ५ मिलिसेकंदांत जाते. संपर्क शून्याजवळ झाला तर कपॅसिटर लाटेबरोबर चढत जातात आणि धक्का सौम्य असतो. शिखरावर झाला तर पूर्ण ३२५ व्होल्ट रिकाम्या कपॅसिटरवर आदळतात. भाऊजी याला "मशीनचा मूड" म्हणतात. त्यांचं अगदीच चुकीचं नाही.

करून पाहिलं. बटण पटापट बंद-चालू केलं तर काहीच होत नाही, कारण कपॅसिटर अजून भरलेलाच असतो. मिनिटभर बंद ठेवून लावायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा लावायचं. असं करत राहिल्यावर एमसीबी पडला. मग निम्म्या ड्रायव्हरांचे कनेक्टर काढून तेच चालवत राहिलो. एकदाही पडला नाही.

उपाय दोन. सीलिंगमधल्या जोडणीत २२ ची विभागणी दोन बटणांवर करायची. स्विचबोर्डात एक बटण मोकळं आहे आणि पाइपात एक जादा तार ओढलेली सापडली, त्यामुळे हे सहज जमेल. दुसरा उपाय म्हणजे ६ चाच पण सी कर्व्हचा एमसीबी, जो ५ ते १० पटीला, म्हणजे ३० ते ६० अँपिअरला पडतो. रेटिंग तेच राहतं, त्यामुळे तारेचं ओव्हरलोडपासूनचं संरक्षण कमी होत नाही. पण शॉर्ट झाला तर ६० अँपिअर नक्की वाहतील ना, हे आधी बघावं लागतं. हॉलच्या शेवटच्या टोकाला फेज-न्यूट्रल लूप (करंटच्या जाण्यायेण्याच्या वाटेचा एकूण रोध) ०.७ ओहम भरला, म्हणजे शॉर्टला तीनशेच्या वर अँपिअर. अडचण नाही.

दोन्ही करणार. विभागणीने कारणच निम्मं होतं, आणि आरसीसीबी वर केल्यावर सगळे एकदम पेटायची वेळ आली तर सी कर्व्ह सांभाळून घेईल.

२१ जून

आता डावा.

सकाळी पहिला प्रयोग: दिव्यांचे तिन्ही एमसीबी खाली, आरसीसीबी वर. म्हणजे दिव्यांच्या एकाही तारेत फेज नाही. मग ताईला गीझर आणि वॉशिंग मशीन लावायला सांगितलं. मशीनचा हीटर सुरू होताना आवाज बदलतो. तो बदलला, आणि काही क्षणांत समोर दिव्यांचा आरसीसीबी खाली.

भाचा शेजारी उभा होता. "मामा, पण तुम्ही तर सगळे बंद केले होते!"

बंद केले होते ते फेज. न्यूट्रल तिन्ही पट्टीवरच आहेत. कुठल्या तरी लाइनीचा न्यूट्रल कुठे तरी अर्थिंगला टेकतोय. न्यूट्रलला शून्य म्हणायची सवय असली तरी तो नेमका शून्यावर नसतो. घराकडे येणाऱ्या तारेत जड करंट परत जायला लागला की त्या तारेच्या रोधामुळे डीबीतल्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये थोडा दाब तयार होतो. मीटर लावून पाहिलं. घर शांत असताना ०.६ व्होल्ट, फक्त गीझर असताना १.५, आणि गीझरबरोबर मशीनचा हीटर सुरू झाला की २.८. हा दाब दिव्यांच्या न्यूट्रलमधून, टेकलेल्या जागेतून, अर्थमध्ये करंट ढकलतो. तो करंट दिव्यांच्या आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून जातो पण फेजमधून आलेला नसतो. त्याच्या हिशेबात तो सरळ फरक. म्हणून दिवे बंद असोत की चालू, पाडणारा दुसऱ्याच लाइनीवरचा लोड असतो.

पुढे वाटलं होतं तासाभरात सापडेल. पुरवठा बंद करून तिन्ही न्यूट्रल पट्टीवरून सोडवले. प्रत्येक लाइनीचा फेज-न्यूट्रल एकत्र बांधून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) अर्थशी तपासलं. एकत्र बांधायचे ते अशासाठी की ड्रायव्हरच्या दोन टोकांत ५०० व्होल्ट जाऊन इलेक्ट्रॉनिक्स मरू नये. मानकाप्रमाणे १ मेगाओहम पुरतो. इथे तिन्ही लाइनी २०० च्या वर. सकाळी ज्याने आरसीसीबी पाडला तो दोष आता जागेवरच नाही. मधून मधून येणाऱ्या दोषाचं हेच दुखणं असतं: तुम्ही मीटर घेऊन पोहोचेपर्यंत तो बरा झालेला असतो.

इथे थांबून नवा आरसीसीबी टाकून पैसे घेणारे लोक मी पाहिलेत. दोन आठवडे ठीक चालतं, कारण तसंही दोन आठवडे ठीक चालणारच असतं.

न्यूट्रल परत जोडले. संध्याकाळी दिवे लागणार होते.

२२ जून

आज ताई डीबीपाशी, मी घरभर.

पुन्हा पुरवठा बंद. तिन्ही न्यूट्रल मोकळे करून एकेकाला अर्थबरोबर साध्या मल्टिमीटरवर ओहममध्ये लावलं. मेगर एका क्षणाचा फोटो देतो. मला सतत चालणारा आकडा हवा होता. ताईचं काम फक्त पडद्याकडे बघत राहणं आणि "ओएल" (म्हणजे रोध मोजण्यापलीकडे, कुठे टेकलेलं नाही) जाऊन आकडा आला की ओरडणं. माझं काम त्या लाइनीवरचा प्रत्येक दिवा, प्रत्येक बोर्ड, प्रत्येक जंक्शन बॉक्स हलवणं, दाबणं, टिचकी मारणं.

हॉल: काही नाही. खोल्या: काही नाही. तिसऱ्या लाइनीवर फाटकाच्या दिव्यावर माझा संशय होता, कारण तिथे पाणी शिरतं. तो उघडला तर आतून कोरडा ठणठणीत. जिन्याचा खालचा दिवा ठीक. वरच्या वळणावर गच्चीच्या दाराशेजारी भिंतीवर पत्र्याच्या तळाचा एक गोल दिवा आहे. त्याला हात लावायच्या आधीच दार वाऱ्याने आपटलं, आणि खालून ताईचा आवाज आला, "आला! अठ्ठ्याऐंशी! ब्याण्णव! आता पुन्हा ओएल!"

दिव्याचा तळ अंगठ्याने डावीकडे दाबला. "पंच्याऐंशी, थांब, हलवू नकोस!" मी तसाच अंगठा दाबून उभा राहिलो आणि हिशेब केला. ८५ ओहमवर २.८ व्होल्ट म्हणजे ३३ मिलिअँपिअर. फक्त गीझर असताना १.५ व्होल्ट, म्हणजे १८ च्या आत, आणि हा आरसीसीबी २३ ला पडतो. घर शांत असताना ७. म्हणजे तळ टेकलेला असणं आणि दोन जड उपकरणं एकाच वेळी चालू असणं, दोन्ही जुळलं तरच खटका पडणार. कागदावर एकट्या गीझरच्या वेळेची एकही नोंद का नव्हती तेही कळलं.

दिवा उतरवला. तारा भिंतीतून जिथून येतात तिथे पत्र्याच्या तळाला भोक आहे, पण रबरी कडं नाही. दिवा बसवताना काळी तार, म्हणजे न्यूट्रल, भोकाच्या कडेवर आली आणि स्क्रू आवळल्यावर पत्रा आणि भिंत यांच्यात दबली. कडेने इन्सुलेशन चिरलंय, नखाएवढं, एखाद्याच्या नजरेतून सहज सुटेल असं. चिरेत तांब्याची एक तार दिसते, वरून हिरवट. समोर पत्र्याच्या कडेवर गंजात काळा ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. गंज मध्ये असल्यामुळेच रोध सरळ शून्य न होता ऐंशी-नव्वदच्या आसपास राहिला. एक स्क्रू भिंतीतल्या गट्टूतून सैल झालेला, त्यामुळे दार आपटलं की तळ केसभर सरकायचा. दिव्याची स्वतःची इतकी वर्षं कुठलीच तक्रार नव्हती. न्यूट्रल अर्थला टेकला म्हणून दिवा पेटायचा थांबत नाही. म्हणूनच त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

भाऊजी वर आले, ठिपका बघितला, म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीने?" मग चष्मा लावून पुन्हा बघितला.

ती लाइन आज मोकळीच ठेवली. जिन्याला रात्री बॅटरी.

२३ जून

चिरलेला भाग कापून टाकला. भिंतीतल्या तारेला पुरेशी लांबी होती, नाहीतर जंक्शन बॉक्सपासून १.५ स्क्वेअर मिलिमीटरची नवी तार ओढावी लागली असती. नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळून ती पुन्हा त्याच भोकातून घालणं मला पटत नाही. दिवा नवीन घेतला, तोही पत्र्याच्याच तळाचा, पण भोकाला रबरी कडं असलेला. नवे गट्टू, नवे स्क्रू. अर्थची तार तळाच्या स्क्रूला जोडून तिथपासून डीबीपर्यंत मोजली: ०.४ ओहम. हे तपासायलाच हवं. पत्र्याच्या दिव्याची अर्थ तुटलेली असती तर हाच दोष खटका न पाडता गुपचूप बसला असता, आणि पुढे कधी न्यूट्रलच तुटला असता तर पत्र्यात वीज आली असती.

पुन्हा मल्टिमीटर, पुन्हा ताई डीबीपाशी. तळ दाबला, दार मुद्दाम आपटलं. ओएलच. मेगरवर २०० च्या वर.

हॉलच्या डाउनलाइटची विभागणी दुपारी केली, ११ आणि ११. सी कर्व्हचा एमसीबी बसवला.

शेवटी आरसीसीबी: ३० मिलिअँपिअरला २८ मिलिसेकंदांत पडला, १५० ला १९ मध्ये. मर्यादा अनुक्रमे ३०० आणि ४०. टेस्टच्या बटणाने पडतो. ते बटण ताई दर तीन महिन्यांनी दाबेल. त्याने आतली यंत्रणा हलती राहते. अर्थिंग चांगलं आहे की नाही हे मात्र त्या बटणाने कळत नाही, असं तिला वेगळं सांगितलं.

१३ जुलै

मधल्या काळात जोराचा वारा, पाऊस, पाहुणे, इस्त्रीचे ढीग, सगळं होऊन गेलं. कागदावर नवी ओळ नाही. न्यूट्रल-अर्थ दाब पुन्हा मोजला: दोन्ही हीटर चालू असताना २.७, म्हणजे आधीसारखाच. गळतीचा क्लॅम्प त्याच वेळी २.८ मिलिअँपिअर. जूनमध्ये सगळे दिवे लावून आलेल्या आकड्याएवढाच, म्हणजे दाब आता कुठूनही अर्थमध्ये उतरत नाहीये.

एक काम बाकी ठेवतोय. एका आरसीसीबीखाली घरभरचे दिवे असणं मला आवडलेलं नाही. जिन्यातल्या एका पत्र्याने हॉल आणि खोल्याही अंधारात टाकल्या. तिन्ही लाइनींना स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचं काम करणारे खटके) बसवायचे, तेही फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे. सगळे आरसीबीओ न्यूट्रल तोडत नाहीत, त्यामुळे घेताना अंगावरची आकृती बघून घ्यायची. न्यूट्रलची सामाईक पट्टी काढून प्रत्येकाचा न्यूट्रल आपापल्या आरसीबीओला जाईल. डीबीत जागा आहे, सहा मॉड्यूल (खटक्यांच्या जागा) मोकळे. भाऊजींनी मॉड्यूल मोजून झाल्यावर विचारलं, "यात सोळाचा एकही नाही ना?" नाही म्हटलं. तिन्ही ६ चेच.